झेंडेसाहेब ‘जातो’ म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी लग्नाआधीचं एक प्रकरणसुद्धा सांगून टाकलं होतं, तिनं विचारलेलं नसताना. म्हणजे मी काही तोंडाला कुलूप घातलेला माणूस नव्हे. उलट बोलण्यावरच माझं पोट चाललं. मग हे एवढंच का राहिलं? बसा जरा. मला एका जागी बसून सरळ सांगता यायचं नाही, मी मधेच उठेन, भलतीकडे जाईन. पण सांगेन.

निगडीला प्राधिकरणात आमचा फ्लॅट आहे. हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल — दिवसभर माझ्या फेऱ्या चालू असतात. बायको म्हणते, या माणसाच्या पायाला भिंगरी लागलीय. रिटायर झाल्यावर लोक निवांत होतात, पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, नातवंडांना बागेत नेतात. मी उलटा. तिला वाटलं साखर वाढली असेल, म्हणून डॉक्टरकडेही नेऊन आणलं. साखर नॉर्मल निघाली.

हे वाढलं ते गेल्या महिन्यात. रहाटणीला उस्मानभाईंच्या मुलाचं गॅरेज आहे. उस्मानभाई म्हणजे आमच्या कंपनीतले जुने ड्रायव्हर. आता थकलेत, गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून मुलाला ओरडून सल्ले देतात. माझी स्कूटर मी तिथंच नेतो. वाटेत दहा गॅरेजं लागतात, तरी तिथंच. त्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, “मास्तर, चाकनला म्हनं आपल्या झेंडेसायबाच्या मुलखाची मानसं येत्यात आता. पोरगा सांगत व्हता. कुनाला तरी इचारा की — सायब हाय का न्हाई?”

मी म्हणालो, विचारतो.

विचारायचं काय होतं? झेंडेसाहेब वारल्याचं मला आधीच माहीत होतं. त्यांच्या मुलीनं ईमेल केली होती. ते मी उस्मानभाईंना का सांगितलं नाही? कारण त्यांनी लगेच पुढचं विचारलं असतं — साहेब माझी आठवण काढायचे का? आणि त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. काढायचे. कशी काढायचे, तेही ठाऊक आहे.

थांबा, असं नाही कळायचं. पहिल्यापासून सांगतो.

तेव्हा चेकोस्लोव्हाकिया नावाचा एक देश होता. आता त्याचे दोन झालेत. नावाला स्वतंत्र — झेंडा वेगळा, नोटा वेगळ्या — पण कारभार सगळा मॉस्कोला विचारून. त्यांच्याकडची मोठमोठी यंत्रं आमच्या चिंचवडच्या कंपनीत आली आणि ती बसवायला त्यांचे पाच-सहा इंजिनिअर आले. त्यांची भाषा इथं कुणाला येणार? पण त्यांना शाळेत रशियन सक्तीची होती, आणि मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गात हौसेनं रशियन शिकलो होतो. बार्शीहून आलेला, प्लॅनिंग डिपार्टमेंटमध्ये कारकुनी करणारा मुलगा एका दिवसात दुभाषी झाला. कामगार मला ‘मास्तर’ म्हणू लागले. छाती केवढी फुगली होती माझी! घरचे लोक म्हणायचे, बार्शीत कोण विचारणार होतं तुझ्या रशियनला. कंपनीत आता जनरल मॅनेजरसुद्धा माझ्या तोंडाकडे बघत बसायचे.

हौस का होती, तेही सांगायला हवं. लहानपणी घरी रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं यायची. त्यांची कव्हरं आम्ही वह्यांना घालायचो. त्यातले कामगार नेहमी हसत असायचे, शेतं नेहमी पिकलेली असायची. मला ते सगळं खरं वाटायचं. तिकडे कुणी कुणाचा मालक नाही, मोठे देश लहान देशांना भावासारखं सांभाळतात — असं मी कॅन्टीनमध्ये लोकांना समजावून सांगायचो.

आणि त्या टोळीत हे साहेब होते. नाव झ्देन्येक. आमच्या लोकांच्या जिभेला ते काही झेपेना. दुसऱ्याच दिवशी मशीन शॉपमधल्या कुणा कामगारानं त्यांचं झेंडे करून टाकलं, आणि मग ते जन्मभराचे झेंडेसाहेब झाले. उंच, पाठीत वाकलेले, हात ग्रीसनं कायम काळे. माझ्याशी रशियन बोलताना तोंड वाकडं करायचे. मला वाटायचं माझे उच्चार चुकतात. एकदा विचारलंच. तर म्हणाले, “तुझे उच्चार चांगले आहेत. पण या भाषेत आम्हाला फक्त ‘होय’ म्हणायला शिकवलंय.” आणि त्यांनी मराठी शिकायचा हट्ट धरला.

शिकले हो! कामगारांकडून, उस्मानभाईंकडून, थोडं माझ्याकडून. व्याकरणाचा पार चेंदामेंदा करायचे, पण बोलायचे. कॅन्टीनमध्ये एकदा त्यांनी आपली गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना ऑगस्टमधल्या एका सकाळी ते उठले, तर रस्त्यात रशियाचे रणगाडे. रेडिओवर सांगत होते, थोरला भाऊ मदतीला आलाय. आमच्या चिंचवडगावातले एक जुने फिटर भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, “सायेब, थोरला भाऊ रनगाडा घिऊन येतो व्हय मदतीला?” सगळे हसले. झेंडेसाहेबही हसले. मी नाही हसलो. मला राग आला होता — त्यांचा. माझ्या मासिकांना खोटं पाडत होते ना.

हे सगळं ते मराठीत बोलायचे, कारण त्यांच्यावर एक माणूस नेमलेला होता. हुद्द्यानं टोळीचा प्रमुख. पण यंत्राला कधी हात लावायचा नाही. कोण कुणाशी बोलतं, कुणाला पत्र आलं, कोण बाजारात किती वेळ रेंगाळलं, एवढंच बघायचा. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. आमच्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम. त्याला इंग्रजी यायचं, रशियन यायचं. मराठी यायचं नाही. पुऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये झेंडेसाहेबांना मोकळं बोलायला तेवढी एकच भाषा उरली होती.

आता तो शब्द. पहिल्या ईदला उस्मानभाईंनी आम्हा दोघांना घरी शीरखुर्म्याला बोलावलं होतं. खाऊन-पिऊन निघताना झेंडेसाहेब दारात उभे राहून ऐटीत म्हणाले, “जातो.” आतून भाभी बाहेरच आल्या. “जातो म्हनू न्हाई सायेब! येतो म्हना.” साहेब गोंधळले. जाणारा माणूस ‘येतो’ कसं म्हणेल? मी समजावलं — आमच्यात ‘जातो’ अशुभ. ‘जातो’ म्हणजे कायमचा जातो. परत यायचं असतं म्हणून ‘येतो’ म्हणायचं. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, “म्हणजे प्रत्येक जण खोटं बोलून बाहेर पडतो, आणि सगळे खूश!” त्यानंतर शिफ्ट सुटली की दारातून हात हलवत ओरडायचे, “येतो! येतो! येतो!” लोक मुद्दाम उत्तर द्यायचे, “या! या!”

मग त्यांची आई गेली. मुकादमानं तार दाबून ठेवली आणि अंत्यविधी उरकल्यावर त्यांच्या हातात दिली. का, तर काम अडलं असतं. साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं, भावंडं नव्हती. त्यांच्या देशात माणसाला बाहेर पाठवताना मागे कुणीतरी ओलीस उरेल असं बघायचे. आई, बायको, पोरं — तीच वेसण. साहेबांची वेसण सुटली होती. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणू का? कळलं होतं. अगदी लगेच कळलं होतं.

गुरुवारची सुट्टी असते आमच्या पट्ट्यात, तुम्हाला माहीत असेल. बुधवारी शिफ्ट सुटली. साहेबांनी त्या दिवशी हात स्वच्छ धुतले होते. माझ्याजवळ आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “मास्तर, जातो.”

मी सवयीनं म्हणालो, “येतो म्हणा, साहेब.”

त्यांनी मान हलवली. “नाही. जातो.”

बस. एवढंच. कुठे, कसं, केव्हा — काही नाही. मला धोक्यात घालायचं नव्हतं त्यांना. पण न सांगता निघायचंही नव्हतं. म्हणून आम्हीच शिकवलेला शब्द त्यांनी नीट, मुद्दाम चुकीचा वापरला, म्हणजे फक्त मला कळेल. आणि मला कळलं. मुंबईला कुठल्यातरी पश्चिमेकडच्या देशाच्या कचेरीत शिरणार, आसरा मागणार, आणि मग त्यांना कुणी हात लावू शकणार नाही.

त्याच संध्याकाळी मुकादमानं मला गेस्ट हाउसवर बोलावलं. अधूनमधून बोलवायचा, कागदपत्रं वाचून घ्यायला. चहा दिला. म्हणाला, प्रशिक्षणासाठी तुमच्या कंपनीतून एकाला सहा महिने आमच्याकडे न्यायचं ठरतंय, तुझंही नाव आहे. मग सहज विचारल्यासारखं विचारलं — झ्देन्येक हल्ली गप्प असतो. तुमच्या भाषेत तुझ्याशी काय बोलतो?

इथं येऊन मी नेहमी अडखळतो. मनातल्या मनात हजारदा सांगितलंय मी हे, आणि दर वेळी वेगळं सांगितलंय. कधी म्हणतो, तोंडातून निसटलं. भाषेची गंमत म्हणून सांगायला गेलो आणि निसटलं. कधी म्हणतो, तत्त्व होतं. कामगारांच्या राज्यातून पळणारा माणूस मला गद्दार वाटला. मासिकांचा एवढा उपयोग झाला बघा, सबबी छान देतात. कधी म्हणतो, घाबरलो. पण मुकादमानं मला ना धमकी दिली, ना आवाज चढवला. चहात साखर किती, हे विचारलं होतं त्यानं. मग?

मग हे — मला जायचं होतं. बार्शीच्या पोराला विमानात बसायचं होतं. बर्फ बघायचा होता. एवढंच, यापलीकडे काहीही नाही. आणि मी चांगल्या रशियनमध्ये, एकही चूक न करता, त्याला मराठीचा धडा दिला. आमच्याकडे निरोप घेताना ‘येतो’ म्हणतात. ‘जातो’ कोण म्हणतं, तर परत न येणारा. झेंडेसाहेबांना हा फरक पक्का माहीत आहे. आज ते ‘जातो’ म्हणाले. मी सुधारलं, तरी ‘जातो’च म्हणाले. दुभाष्याचं काम असतं अर्थ पोचवणं. मी पोचवला.

मुकादमानं शब्दकोशात बघतात तसं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि मला आणखी चहा हवा का विचारलं. मी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट हाउसवर एक गाडी आली, दोन माणसं उतरली आणि साहेबांना घेऊन सरळ विमानतळावर गेली. आम्हाला सांगितलं, तब्येत बिघडली म्हणून मायदेशी पाठवलं. उस्मानभाई त्या सकाळी मेव्हण्याची टॅक्सी घेऊन देहूरोडला थांबले होते. साहेबांनी सगळा बेत त्यांना सांगितला होता, कारण मुंबईला नेणार होते तेच. पकडले गेले असते तर नोकरी गेली असती, पोलिसांचं शुक्लकाष्ठ लागलं असतं, घरात तीन लहान पोरं. तरी थांबले. साहेब आले नाहीत. हे त्यांनी नंतर मलाच येऊन सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून: “मास्तर, दुपारपतूर थांबलो. बोनेट उघडून ठिवलं व्हतं, कुनाला संशय नगं म्हनून. कुनी सांगितलं असंल वो?” मी म्हणालो, काय माहीत. खांद्यावर हात ठेवला त्यांच्या. तो हात मला आजही आठवतो, माझाच असून.

प्रशिक्षणाची जागा मला मिळाली.

इथं थांबलो असतो तर कदाचित कधीतरी सांगूनही टाकलं असतं हे. तरुण होतो, लोभ सुटला, चुकलो. लोक एवढं समजून घेतात. पण मी सांगितलं नाही ते पुढच्यामुळे.

तिकडे गेलो. बर्फ बघितला — दोन दिवसांत कंटाळा आला. ज्या कारखान्यात मला शिकायला ठेवलं होतं त्याच गावात, ट्रामच्या थांब्यावर, एक दिवस मागून आवाज आला: “मास्तर! कधी आलात?”

मराठीत. त्या थंडीत, त्या राखाडी लोकांच्या गर्दीत. वळून बघितलं तर झेंडेसाहेब. इंजिनिअरकी काढून घेतली होती. एका बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामावर होते. खोकत होते. पण चेहरा असा उजळला होता की विचारू नका. इतके दिवस साठवून ठेवलेलं मराठी त्यांनी माझ्यावर ओतलं — घरी सगळे बरे आहेत का, शॉपमधली मंडळी कशी आहेत, भाभी कशा आहेत. आजूबाजूचे लोक बघत होते, कुणाला अक्षर कळत नव्हतं. मला पळून जावंसं वाटत होतं. ट्राम का येत नाहीये, एवढंच मी बघत होतो.

मग ते हळू झाले. म्हणाले, “एक विचारू? मी फक्त उस्मानला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही.” त्यांच्या हिशेबात मला त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. एक शब्द बोलले होते, तोही आपल्या मराठीत, आपल्या मित्राशी. त्यात सांगण्यासारखं काय होतं? “उस्मान बोलला असेल का, मास्तर? त्याला लहान मुलं आहेत. घाबरला असेल. मी रागावलो नाही त्याच्यावर. त्याला सांगा, मी रागावलो नाही. फक्त मला माहीत हवं.”

आता बघा, मराठी किती सोयीची भाषा आहे. ‘हो’ म्हणालो असतो तर सरळ खोटं झालं असतं. ‘नाही’ म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, मग कोण? मी बोलण्यावर पोट भरणारा माणूस. मला नेमका शब्द सापडला. मी खाली बर्फाकडे बघत म्हणालो —

“असेल.”

त्यांनी मान हलवली. ट्राम आली. मी चढलो.

नंतर त्यांच्या देशातलं ते राज्य कोसळलं, रशियाचा हात गेला, मुकादमासारखे लोक कुठल्या कुठे विरघळले. साहेबांना इंजिनिअरकी परत मिळाली, उशिरा लग्न झालं, मुलगी झाली. दर नाताळला मला त्यांचं कार्ड यायचं, मोडक्या मराठीत दोन ओळी. उस्मानभाईंना कधीच आलं नाही. उस्मानभाई दर जानेवारीत विचारायचे, सायबाचं काय पत्र-बित्र? आणि मी म्हणायचो, नाही हो, विसरले असतील आपल्याला. शेवटच्या ईमेलमध्ये मुलीनं लिहिलं होतं की बाबा भारताबद्दल बोलायचे तेव्हा नेहमी एका ड्रायव्हरची गोष्ट सांगायचे. त्यानं आपल्याला पकडून दिलं. पण तो वाईट माणूस नव्हता, म्हणून आपण त्याला माफ केलंय, असं म्हणायचे. तो अजून आहे का, असं तिनं विचारलं होतं. मी त्या ईमेलला उत्तर दिलेलं नाही.

म्हणजे ज्यानं काही केलं नाही त्याला माफी मिळाली, आणि ती कशाबद्दल मिळाली हे त्याला माहीत नाही. ते बिचारे अजून साहेब जिवंत असल्याच्या आशेवर आहेत. परवा त्यांच्या मुलाचा फोन आला, स्कूटर तयार आहे, घेऊन जा. चार दिवस झाले, मी गेलेलो नाही. गॅलरीपर्यंत जातो आणि परत येतो.

हे ऐकायचा हक्क सगळ्यात आधी उस्मानभाईंचा होता. मी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही रहाटणीत खुर्ची टाकून माझी वाट बघत नाही.